केळीची मुळे आणि जास्तीचे खत

गेल्या उन्हाळ्यात रावेर तालुक्यातल्या आमच्या केळीबागेत ठिबकमधून पालाशाची (पोटॅशियमच्या खताची) मात्रा माझ्याच चुकीने दुप्पट गेली आणि पानांच्या कडा करपू लागल्या. जमिनीत ओल असूनही झाडे तहानलेली दिसत होती. त्याच दिवशी आईने लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले होते. परातीत पाणी सुटलेले पाहिले आणि शाळेत नुसतेच पाठ केलेले परासरण प्रथमच नीट कळले.

पेशीचे पटल पाण्याला वाट देते, क्षारांना मात्र सहजासहजी देत नाही. त्यामुळे बाहेरचे द्रावण अधिक संहत झाले की पाणी पेशीतून तिकडे जाऊ लागते. पटल मेदाच्या दुहेरी थराचे असल्याने त्यातून पाणी थोडेच झिरपते. बरेचसे पाणी ॲक्वापोरिन या प्रथिनांच्या नळ्यांतून जाते. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या नळीतून पाण्याचे रेणू एका रांगेत सरकतात, पण प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित कण) अडतो; मला तर हे निव्वळ नवल वाटते.

पोटॅशियमचे गणित वेगळे आहे. ते मातीतल्या पाण्यापेक्षा पेशीत कितीतरी अधिक असूनही मूळ ते ओढतच राहते, कारण पेशी एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलते आणि त्यातून निर्माण झालेल्या विद्युतभाराच्या फरकावर पोटॅशियम आत येते. आपल्या पेशींतला पंप एका एटीपीमागे ३ सोडियम बाहेर टाकून २ पोटॅशियम आत घेतो.

पुढे काही दिवस बागेला नुसते पाणी सोडले. करपलेल्या कडा तशाच राहिल्या. नवे पान मात्र स्वच्छ हिरवे उलगडले.