हयातीच्या दाखल्याचं पत्रक: एका टेबलावर अडकलेला माझा अनुभव

पत्रक लिहून तयार होतं, छपाईचे पैसे जमले होते, आणि तरी ते एका टेबलावर अडकून पडलं. कारण काय, तर भाषा फार साधी आहे. ते टेबल कुठल्या संस्थेतलं हे मी लिहीत नाही. पण आपल्या वस्तीसाठी, बचत गटासाठी असं काही लिहायची वेळ कुणावरही येऊ शकते, म्हणून सांगते. राग अजून गेलेला नाही, हेही खरं.

सोलापूरच्या पूर्व भागात माझं सगळं आयुष्य गेलं. आई विडी वळायची, मी शाळेत शिकवते. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांना प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन येते. 2014 पासून तिची किमान रक्कम महिना 1,000 रुपये आहे. ज्या घरात तेवढ्यावर औषधं चालतात, तिथे ती एक महिना थांबली तरी मेडिकलवाला उधारी बंद करतो. आणि थांबते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: हयातीचा दाखला वेळेत गेला नाही. शेजारच्या अक्कांची अशीच थांबली. पुढे थकबाकीसकट जमा झाली, पण मधले महिने त्यांनी कसे काढले ते मी पाहिलंय. तेव्हाच ठरवलं, एक पानी पत्रक काढायचं आणि विडी कारखान्याच्या ब्रँचवर, म्हणजे बायका वळलेल्या विड्या द्यायला जातात तिथे, लावायचं. ब्रँचवाले म्हणाले, अमुक संस्थेचा शिक्का आणा, मग लावा.

लिहायला वेळ लागला नाही. माहिती सरळ होती आणि कुणासाठी लिहायचं ते मला ठाऊक होतं. आमच्या भागात घरात तेलुगू चालतं, पण पुष्कळांची शाळा मराठी, त्यामुळे वाचायचं म्हटलं की देवनागरीच. ‘तेलुगूत काढा’ असं सुचवणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. शिवाय अक्का स्वतः वाचत नाहीत. मांडीवर सूप, सुपात पान-तंबाखू, हात चालू, आणि शाळेतून आलेली नात मोठ्याने वाचून दाखवते. म्हणजे माझा मजकूर डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला ऐकू जाणार होता. कंस वाचून दाखवता येत नाही. तक्ता तर अजिबातच नाही. म्हणून मी दोन्ही टाळले आणि असं लिहिलं:

‘हयातीचा दाखला दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतो. नोव्हेंबरची वाट बघू नका. वर्ष संपायच्या आधी कोणत्याही महिन्यात नवा दाखला द्या. नाही दिला तर पेन्शन थांबते. अंगठा लागला नाही तरी घाबरू नका. मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो.’

अंगठ्याचं वाक्य इतकं वर घेतलं त्याला कारण आहे. वर्षानुवर्षं विडी वळून बोटांच्या रेषा झिजतात, मशीन अंगठा घेत नाही. एकदा चारचौघांत अंगठा नाकारला गेला की बाई पुन्हा त्या रांगेत उभी राहायला तयार होत नाही. तिची भीती आधी काढली तरच पुढची कागदपत्रांची ओळ तिच्या कानात शिरते.

इथून टेबलाची गोष्ट सुरू होते. संस्थेतल्या साहेबांनी पत्रक हातात घेतलं, उभ्या उभ्या नजर फिरवली आणि म्हणाले, ‘मॅडम, हे बोलण्यातलं मराठी झालं. संस्थेच्या नावाला शोभणार नाही.’ ते 2024 सालचे दिवस, ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळालेला. तेही त्यांनी मला ऐकवलं. पुढच्या वेळी त्यांच्याकडचा सुधारित मसुदा हातात आला. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं:

‘ज्या निवृत्तिवेतनधारकांनी मागील हयातीचा दाखला सादर केल्याच्या दिनांकापासून एक वर्षाचा कालावधी पूर्ण होण्यापूर्वी (वर्षातील कोणत्याही महिन्यात सादर करण्याची मुभा असली तरी) नवीन दाखला सादर केलेला नाही, त्यांचे निवृत्तिवेतन पुढील आदेशापर्यंत अदा करण्यात येणार नाही.’

यात खोटं काही नाही. व्याकरणही चोख आहे. पण आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, आणि नकारही शेवटी. इतक्या लांब वाक्यात ऐकणारीला शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही की पैसे मिळणार की बंद होणार. वाक्यात ‘नाही’ दोनदा येतो, आणि शेवटचा ‘नाही’ त्या मसुद्यात पुढच्या ओळीवर एकटा जाऊन पडला होता. पैसे कोण थांबवणार, बाईने काय करायचं, हे वाक्यात कुठेच नाही. आणि तिच्या सगळ्यात कामाची गोष्ट, म्हणजे कोणत्याही महिन्यात दाखला देता येतो ही, कंसात कोंबलेली.

मी तो मसुदा अक्कांच्या नातीला वाचायला दिला. तिने कंस सोडूनच दिला. शाळेत तिला कुणीतरी सांगितलं असणार की कंसातलं वाचायचं नसतं. अक्कांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, ‘म्हणजे माझी बंद केली का गं?’

सरकारी निवृत्तांचे दाखले नोव्हेंबरात घेतात, त्यामुळे दाखला नोव्हेंबरातच द्यायचा, असा सगळ्यांचाच समज झालाय. आमच्या बायकाही नोव्हेंबर उजाडला की पहाटेपासून रांग धरतात. ज्यांचं वर्ष जूनमध्ये संपतं त्यांची पेन्शन तोवर थांबलेली असते. हे मी साहेबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘सोपं केलं की नियम पातळ होतो.’ मग रजेवर गेले. मग आले, तर फाइल सापडेना. मग म्हणाले, ‘तुम्ही’ काढून ‘लाभार्थ्यांनी’ घाला. माझा सगळ्यात जास्त विरोध याला होता. ‘लाभार्थ्यांनी’ ऐकून कुठलीही अक्का मान वर करत नाही. ती आयुष्यभर कष्ट करून हक्काने पेन्शनीला आली आहे. तिच्याशी बोलायचं तर ‘तुम्ही’ म्हणूनच बोललं पाहिजे.

त्यांची एक सूचना मात्र योग्य होती. पतीच्या पश्चात मिळणारी पेन्शन असेल तर पुनर्विवाह केलेला नाही, हेही दाखला काढताना सांगावं लागतं. ते मी वेगळ्या वाक्यात घातलं. नियम अचूक ठेवायला लांब वाक्यच लागतं असं नाही, हेच मी पहिल्यापासून सांगत होते.

शेवटी वाट निघाली ती खिडकीवरच्या क्लार्कमुळे. त्यांनी माझं पान वाचलं आणि साहेबांना सांगितलं, ‘दिवसभर मी तोंडाने हेच सांगतो. हे लावलं तर माझी निम्मी रांग कमी होईल.’ त्यांच्याच सल्ल्याने तोडगा निघाला: पुढच्या बाजूला माझा मजकूर, मागच्या बाजूला साहेबांचा, नियमाच्या उल्लेखासकट. शिक्का मागे. मी लगेच हो म्हटलं. भिंतीवर लावलेल्या कागदाची मागची बाजू कोणी वाचत नाही. त्या दिवशी मला झालेला आनंद लपवत नाही.

तुम्ही असं काही करणार असाल तर साहेबांच्या आधी खिडकीवरच्या माणसाला भेटा. लोक काय विचारतात ते त्याला पाठ असतं. आणि मंजुरीला देण्याआधी मजकूर एखाद्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. ते जिथे अडखळेल तिथे वाक्य तोडा.

छपाईचंही सांगते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर प्रेसवाल्याच्या जुन्या फाँटमध्ये टाकला की जोडाक्षरं फुटतात. ‘दिल्या’चं भलतंच काही झालं होतं. त्यामुळे प्रूफ कागदावरच मागा, मोबाइलवर बघून होकार देऊ नका. अक्षर मोठं ठेवा, त्यासाठी दोन वाक्यं कमी झाली तरी चालतील.

दाखला काढायला जाताना आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मोबाइल आणि पीपीओ नंबर लागतो. ‘पीपीओ’ म्हणून कुणाला कळत नव्हतं. ‘पेन्शन मंजूर झाल्याच्या कागदावरचा नंबर’ असं लिहिल्यावर बायका बरोबर तोच कागद घेऊन यायला लागल्या.

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतही आम्ही पत्रकं वाटली. विडी कामगारांची 10,000 घरं आहेत तिथे. तिथल्या एका बाईंनी सुचवलं म्हणून दुसऱ्या छपाईत तळाशी एक ओळ वाढवली: ‘माझा दाखला ............ पर्यंत चालतो.’ तारीख पेनने लिहायची आणि पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचं. अक्कांच्या पानावर नातीच्या अक्षरात जून लिहिलाय. यंदा त्या मे महिन्यातच जाऊन आल्या.