आईच्या खोलीतला रेडिएटर

आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. जानेवारीत बाहेर उणे तीन असताना घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या प्रेशरचा काटा उतरायला लागला. सिस्टिम थंड असताना तो 1 ते 1.5 बारच्या मध्ये असायला हवा. आमचा चार-पाच दिवसांत 0.5 च्या आसपास यायचा आणि बॉयलर बंद पडायचा. मग बॉयलरखालच्या विणलेल्या नळीचे दोन्ही कॉक उघडून मुख्य नळाचं पाणी आत घ्यायचं, काटा 1.2 वर आला की बंद करायचं. दोन मिनिटांचं काम, म्हणून तीन आठवडे मी तेच करत राहिले.

तसं करायला नको होतं. बॉयलरमध्ये तापून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्यात गंज रोखणारं औषध घातलेलं असतं. दर वेळी नवीन पाणी घेतलं की ते औषध पातळ होतं, वर ताज्या पाण्यातला प्राणवायू आत जातो आणि पोलादी रेडिएटर आतून गंजतात. एका सांध्यातून थेंब जातो, पण झीज घरातल्या सगळ्या रेडिएटरची होते.

आधी बाहेरच्या भिंतीतून निघालेली तांब्याची नळी पाहिली. प्रेशर 3 बारच्या वर गेलं तर बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तिथून पाणी सोडतो. ती दोन दिवस कोरडी ठणठणीत होती. म्हणजे पाणी घरातच कुठेतरी मुरत होतं. टिश्यू पेपर घेऊन नऊच्या नऊ रेडिएटरचे सांधे पुसून पाहिले. कुठेच ओल नाही.

गळती सापडली ती आईला. ती नाशिकहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि पहाटे पाचला उठायची सवय इथेही मोडली नव्हती. "अगं, इथं पायाला गार ओल लागतेय बघ," म्हणाली. मी संध्याकाळी तपासत होते, हीटिंग चालू असताना. तेव्हा पाझरलेलं पाणी गरम पितळेवरच वाळून जातं. पहाटे सगळं गार असताना मात्र सांधा आक्रसतो आणि थेंब टिकून राहतो. टॉर्च घेऊन वाकले. रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या पितळी तोटीच्या आट्यांशी हिरवट-पांढरा थर जमला होता, आणि त्याच्या खालच्या कडेला एकच थेंब लोंबत होता. तो पडायला चाळीस सेकंद लागले. मोजले मी.

इंजिनिअरची वेळ सहा दिवसांनंतरची मिळत होती. इथे गॅसचं काम फक्त गॅस सेफ या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंद असलेल्या माणसानंच करायचं असतं, आणि तो नियम अगदी योग्य आहे. बॉयलरचं झाकण मी कधीच उघडणार नाही. रेडिएटरच्या सांध्यात मात्र गॅसचा संबंध नसतो. ते घरच्या माणसाला करता येतं.

बॉयलर बंद करून तीन तास थांबले. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायचे होते. एका व्हॉल्व्हवर खोलीच्या तापमानाप्रमाणे तो उघडणारं-मिटणारं थर्मोस्टॅटचं डोकं असतं. ते नुसतं हिमकणाच्या चिन्हावर फिरवून भागत नाही, कारण खोली फार गार झाली की तो व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. डोकं काढून त्या जागी प्लास्टिकची टोपी घट्ट बसवावी लागते. दुसऱ्या बाजूचा व्हॉल्व्ह पान्ह्यानं बंद करताना फेरे मोजले: सव्वा. कुठल्या रेडिएटरला किती पाणी जायचं ते यावर ठरतं, म्हणून लगेच कागदावर लिहून ठेवलं.

मग परात आणि जुने टॉवेल. एका पान्ह्यानं व्हॉल्व्ह धरून ठेवायचा, दुसऱ्यानं त्याला तोटीशी जोडणारा नट सैल करायचा, नाहीतर जमिनीतून आलेली तांब्याची नळी पिळवटते. वरचा हवेचा स्क्रू उघडल्यावर पाणी धो धो आलं, काळं शाईसारखं. परात भरली की नट आवळायचा, ओतून यायचं, पुन्हा सैल करायचा. सहा वेळा केलं. या काळ्या पाण्याचा डाग गालिच्यावरून जात नाही, म्हणून इथे घाई करू नका.

तोटीच्या आत षटकोनी खाच असते. शेजाऱ्यांकडून त्या मापाची चावी आणली आणि तोटी बाहेर काढली. आट्यांवर जुन्या टेपचे दोन-तीन धागे उरले होते, बाकी काहीच नाही. तारेच्या ब्रशनं आटे घासले, टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि तोटी फिरवायला लागले, तर टेप गोळा होऊन बाहेर आली. आई पलंगावर बसून बघत होती. "तुझे बाबा नळाला सफेदा लावून दोरा गुंडाळायचे ना, ते आटे ज्या बाजूला आवळतात त्याच बाजूनं. तू उलटं गुंडाळलंस." खरं होतं. पुन्हा पुसून घेतलं आणि तोटीचं तोंड माझ्याकडे करून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, ताणून बारा वेढे घेतले. या वेळी तोटी जड फिरली, आणि टेप जागची हलली नाही. व्हॉल्व्हवर बसणाऱ्या नटाला टेप लावली नाही. तिथे पितळ पितळेवरच बसतं.

रेडिएटर रिकामाच होता, तेव्हा वरच्या तोंडातून नळी लावून औषधाची एक बाटली आत ओतली. सव्वा फेरा उघडला, थर्मोस्टॅटचं डोकं परत बसवलं, प्रेशर भरलं, हवा काढली, काटा उतरला तसं पुन्हा भरून 1.2 वर आणलं. टिश्यू पेपर गार असताना लावला, तापल्यावर लावला. कोरडा.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आईचा आवाज आला. ती त्या कोपऱ्यात अनवाणी उभी होती. "कोरडं आहे गं." तीन आठवडे झाले, काटा 1.2 वरच आहे. सव्वा फेऱ्याचा कागद तिनं रेडिएटरमागच्या भिंतीला चिकटवून टाकलाय.