कोरा शर्ट पाण्यातून काढताना

आमच्या इचलकरंजीच्या घरी आई ब्लाउज शिवते. कुणी अस्तराचं कापड घेऊन आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाण्यातून काढलंय का?" नसेल तर कापड आधी बादलीत, मग दोरीवर, आणि कात्री दुसऱ्या दिवशी. त्यामुळे आधी शिवून मग भिजवायचा शर्ट कुणी मुद्दाम विकत असेल, हे मला पस्तिशीत, जपानात आल्यावर कळलं.

मी ओसाकात नोकरीला आहे. मार्चमधल्या एका शनिवारी कोजिमाला गेलो. शिंकान्सेनने ओकायामा, तिथून लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत कोजिमा. त्याच्या पुढे समुद्रावरचा सेतो पूल सुरू होतो. गाव शाळेच्या गणवेशांसाठी प्रसिद्ध होतं, १९६५ पासून तिथे जीन्स शिवायला लागले, आणि आता एका अख्ख्या रस्त्यावर डोक्यावर दोऱ्या बांधून जीन्स वाळत टाकलेल्या दिसतात. इचलकरंजीच्या माणसाला असं गाव परकं वाटत नाही. एका दुकानामागून धोट्याच्या मागाचा खडखडाट ऐकू आला तेव्हा मी उगीचच पाच मिनिटं थांबलो. आमच्याकडे तो आवाज हल्ली कमी झालाय, बिनधोट्याचे रेपियर आणि एअरजेट माग आलेत.

शर्ट घेतला तो १२ औंसाचा, इंडिगोचा, दोन खिशांचा कामगारी शर्ट. औंस म्हणजे एका चौरस यार्ड कापडाचं वजन. आपला ऑफिसचा शर्ट चारच्या आसपास असतो, म्हणजे हा तिप्पट जड. घडी घालून ठेवला तर पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. किंमत मी आईला अजून सांगितलेली नाही. दुकानदाराने सोबत एक कागद दिला. त्यावर सेंटीमीटरमध्ये दोन रकाने होते, आत्ताचं माप आणि भिजवल्यानंतरचं माप. कापड 'किबाता', म्हणजे मागावरून उतरलं तसं. सॅन्फराइज, म्हणजे कारखान्यात आधीच आटवून घेतलेलं, नाही.

रात्री बाबांना व्हिडिओवर दाखवला. बाबांनी तीस वर्षं सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या कामात, काढली आहेत. त्यांनी किंमत, रंग काहीच विचारलं नाही. म्हणाले, "खळ आहे अजून त्यात. कॅमेरा जवळ धर की. रीड-पिक काय आहे?" एका इंचात उभे-आडवे धागे किती, ते काही मला सांगता येईना.

कापड का आटतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलोय. मागावर ताणा ओढून धरलेला असतो, त्यामुळे उभा धागा जवळजवळ सरळ राहतो. पाणी लागलं की सूत फुगतं, आणि जाड झालेल्या आडव्या धाग्यावरून जाताना उभ्या धाग्याला मोठा वळसा घ्यावा लागतो. वळशात धागा खर्च झाला की कापड आखूड होतं. म्हणून उंची आणि बाही जास्त आटते, छाती कमी. सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन माणसाने १९३० साली पेटंट घेतलेल्या यंत्रात हेच आटणं कारखान्यात आधी उरकून घेतात. त्याच्या नावावरून सॅन्फराइज. अशा कापडात पुढे एखादा टक्काच आटायला उरतो. कोरं कापड दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं.

आता प्रश्न मापाचा. कोरा असताना छाती सपाट ५८ सेंमी, उंची ७८, बाही ६६. बाही माझ्या बोटांच्या मधल्या पेरापर्यंत यायची. मला हवी होती ६० च्या आसपास. माझा नीट बसणारा जुना शर्ट जमिनीवर पसरून तोही मोजला. हे सोपं काम न करता लोक अंगावर घालून आरशात बघत बसतात.

पहिल्या रविवारी टबात पाणी भरलं. इथल्या न्हाणीघरात भिंतीवरच्या पॅनेलवर तापमान लावता येतं, मी ४२ ठेवलं. शर्ट उलटा केला, सगळी बटणं लावली, बाह्या सरळ पसरल्या. जाड कापड कोरडं असताना दुमडून पाण्यात टाकलं तर घडी पडते, आणि त्या घडीवर पुढे रंग झिजून पांढरट रेघ उमटते. ती जात नाही. शर्ट बुडायलाच तयार नव्हता. दोन्ही हातांनी दाबून धरला, मग बुडबुडे सोडत खाली गेला. दहा मिनिटांत पाणी निळं झालं, तासाभरात कापडाचा पुठ्ठेपणा गेला आणि बोटांना बुळबुळीत लागायला लागलं. बाबा म्हणाले ती खळ हीच.

आईने फोनवर तुरटी, मीठ, व्हिनेगर सगळं सुचवलं. इथे आईचं ऐकलं नाही. नीळ, म्हणजे इंडिगो, पाण्यात विरघळतच नाही. रंगवताना ती रासायनिकरीत्या विरघळणारी करून सुतात शिरवतात, हवा लागली की पुन्हा घट्ट होते आणि धाग्याच्या बाहेरच्या थरात अडकून बसते. सुताशी तिचं पक्कं बंधन होत नाही, त्यामुळे मिठाने काही पक्कं होण्याचा प्रश्न नाही. घासलं की निघणार. गंमत इतकीच की धाग्याचा गाभा पांढरा राहतो, म्हणून असे शर्ट विटल्यावर देखणे दिसतात.

न पिळता, हँगरवर सावलीत वाळवला. छाती ५६.५, उंची ७४.५, बाही ६३. टबाला मात्र निळी कड. भाड्याचं घर, प्लास्टिकचा पांढरा टब, अनामत रक्कम मालकाकडे. बेकिंग सोडा आणि जुना टूथब्रश घेऊन पाऊण तास घासत बसलो. दुसऱ्या खेपेला प्लास्टिकचं घमेलं आणलं.

दुसरी खेप ६० अंशांच्या पाण्याची. भिजवून, कॉइन लाँड्रीतल्या ड्रायरमध्ये अर्धा तास. नुसत्या भिजवण्याने न सुटलेला ताण आदळआपटीने सुटतो. काढला तर उंची ७२.५, छाती ५५.५. उत्तम. गळ्याचं बटण मात्र लागेना, आणि कॉलरला फुगे आलेले. वरचं कापड आटलं, आतलं अस्तर आटलंच नाही. म्हणजे कोजिमातही अस्तर आधी पाण्यातून काढलेलं असणार, असं आईला सांगितल्यावर ती इतकी खूश झाली की विचारू नका.

कॉलरचा प्रश्न तिनेच सोडवला. "परत ओली कर, फक्त कॉलर. दोन्ही टोकं धर आणि हळू ओढ. ओढून उशीला गुंडाळ, टाचण्या लाव." रात्रभर तशी ठेवली. सकाळी बटण लागलं. फुगे साधारण निम्मे गेले, उरलेले कॉलर दुमडल्यावर दिसत नाहीत.

बाही ६१.५ वर थांबली होती. स्टेशनजवळच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्या काकूंनी शिवण बोटात धरून पाहिली आणि मान हलवली. कफ उसवायचा, बाहीची पट्टी आखूड करायची, आणि पुन्हा कफ चढवताना चार-पाच थर मशीनखाली. सुई मोडेल म्हणाल्या, आणि तसंही जुन्या शिवणीच्या भोकांची रांग दिसणार.

संध्याकाळी आईला हात पुढे करून दाखवला. तिने एक मिनिटसुद्धा घेतला नाही. "बाही कापतोस कशाला? कफ ढिला आहे म्हणून ती हातावर घसरते. बटण बोटभर आत घे. मनगटावर अडली की बरोबर बसेल." दोन बटणं, दोरा दुहेरी, सुईला मेण. जाड कापडातून सुई ओढायला पक्कड लागली, पण काम वीस मिनिटांचं. बाही मनगटाच्या हाडावर येऊन थांबली. कोपरात किंचित फुगते, हात वाकवायला तेवढी लागतेच.

आता सहा महिने झाले. आधी माझी मान निळी व्हायची, लॅपटॉपच्या बॅगेचा पांढरा पट्टा कायमचा निळा झाला, आणि ऑफिसातल्या फिक्या खुर्चीवर मी अजूनही हा शर्ट घालून बसत नाही. कोपर उजळलेत. कफावर जिथे पहिलं बटण होतं, तिथे गोल गडद ठिपका राहिलाय, कोऱ्या रंगाचा.

बाबांसाठी शेवटी भिंग विकत घेऊन एका इंचातले धागे मोजले, उभे आणि आडवे, तीनदा. आकडे सांगितल्यावर बराच वेळ फोनवर गप्प होते. मग म्हणाले, "येताना त्याच कापडाचा एक मीटर घेऊन ये. धुवू नकोस."