बशीएवढे रुसवे

आमच्या घरात सगळ्यात उशिरा जेवणारी मंडळी काचेच्या टाकीत राहतात. डिस्कस जातीचे सहा मासे. बशीएवढे गोल, बशीसारखेच चपटे, आणि स्वभाव मात्र लग्नात मानपान चुकलेल्या आत्याबाईंचा. गप्पी, मॉलीसारखे मासे दाणा पडायच्या आत तुटून पडतात. हे सहाजण आधी तिरपे होऊन बघतात. मग एकजण पुढे येतो, दाणा तोंडात घेतो, थुंकतो. परत घेतो, परत थुंकतो. मला आधी वाटायचं, आवडलं नाही. तसं नसतं, भिजवून, चावून गिळायची त्यांची ती रीत. दाणा तळाशी गेला तर वाळूवर तोंडाने पाण्याची फुंकर मारतात आणि उडालेला कण टिपतात. आजोबा बशीतल्या चहावर घालायचे, अगदी तशी फुंकर.

मूळचे हे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले. त्यांना पाणी मऊ हवं आणि २८ ते ३० अंशांचं हवं, नाहीतर भूकच लागत नाही. नाशिकच्या जानेवारीत सकाळी नळाखाली हात धरवत नाही, तेव्हा टाकीतला हीटर रात्रंदिवस चालू. "माणसांना एक बादली आणि यांना अख्खा हौद," असं आई दर हिवाळ्यात एकदा तरी ऐकवते.

खाणं हा तर वेगळाच संसार. परदेशात यांना बैलाच्या काळजाचा खिमा घालायची जुनी पद्धत आहे. आमच्याकडे ते शक्य नाही, म्हणून कोळंबी, पालक आणि लसूण वाटून त्याच्या वड्या गोठवतो. शेजारी ब्लडवर्मचं पाकीट. (नावात 'वर्म' म्हणजे जंत असला तरी ती एका माशीची अळी असते. आईला यातलं काहीही सांगितलेलं नाही, मटारच्या पिशवीखाली ठेवतो.) चातुर्मासात आमच्या स्वयंपाकघरात लसूण फक्त माशांसाठी सोलला जातो.

आणि खरी विद्या खाऊ घालण्यात नाही, हात आवरण्यात आहे. मला ती महागात पडून आली. पहिल्याच महिन्यात एक मासा काळवंडून कोपऱ्यात उभा राहिला. खाईना. म्हणून मी आणखी टाकलं, मग वेगळं टाकलं. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं आणि बाकीचे पाचही वर येऊन धापा टाकू लागले. उरलेलं अन्न कुजून पाण्यात अमोनिया होतो, हे मी तेव्हा शिकलो. दुकानदार म्हणाला, "दोन दिवस काही देऊ नका, नुसतं पाणी बदला."

आईला हे झेपेना. ती रामकुंडावर गेली की कुरमुऱ्यांची पुडी सोडल्याशिवाय परतत नाही. पण गंगेत (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) टाकलेलं गंगा पुढे नेते, टाकीतलं टाकीतच राहतं. "लेकरू आजारी, आणि तू त्याला उपाशी ठेवणार?" असं म्हणून दोन दिवस ती माझ्याशी तुटक बोलत होती. तिसऱ्या दिवशी तिनेच उपाय काढला: "तू समोर उभा राहतोस ना डोळे वटारून, म्हणून खात नाही. पाठ कर." केली. पाठीमागे बराच वेळ काही नाही. मग आई कुजबुजली, "थुंकला. घेतला परत. गिळला बघ!"

या माशांची पिल्लं पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती जरा गप्प झाली. आमच्या जोडीने मात्र अंडी घातली आणि दोन दिवसांत स्वतःच खाऊन टाकली. त्यावर तिचं म्हणणं, "शहरात वाढलेली दिसतात."

आता ठरलेलं आहे. सकाळ-संध्याकाळ खाणं, दहा मिनिटं वाट बघणं, उरलेलं नळीने तळातून ओढून घेणं. क्लोरीन उडावा म्हणून पिंपात रात्रभर ठेवलेलं पाणी टाकीत, आणि टाकीतून काढलेली बादली गॅलरीतल्या कढीपत्त्याला. सहाजण रुसले तरी तो कधी रुसत नाही. असा माजलाय की मजल्यावरच्या सगळ्या फोडण्या त्याच्यावर होतात. परवा समोरच्या काकू पानं तोडता तोडता विचारत होत्या, "खत कुठलं घालता हो?"

"नातवंडांचं उष्टं," आई म्हणाली.