इंग्लंडातले ससे शेतात राहतात, आणि आपलेही

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गव्हाच्या शेतातल्या सशाचा फोटो टाकला तर पहिला प्रश्न आला, "तुझ्या घराजवळ जंगल आहे का गं?" नाही हो, जंगल अजिबात नाही! मी राहते इंग्लंडात, केंब्रिजशायरमध्ये, ईली गावाजवळ, सगळी सपाट काळी जमीन, नजर जाईल तिथपर्यंत शेतं, आणि हे ससे तिथेच उघड्यावर राहतात. पिंजऱ्यातला पांढरा ससा डोळ्यासमोर आणू नका, हा रानससा, लांब पायांचा, कानांची टोकं काळी, जीव वाचवायला ताशी ७० किलोमीटरपर्यंत पळतो, आपल्या येऊरच्या रानसशाचा भाऊबंदच.

हा बीळ खणत नाही, अंगापुरता खळगा करून त्यात बसतो. पिल्लंही उघड्यावरच होतात, जन्मतःच अंगावर केस आणि डोळे उघडे, दोनतीन दिवसांत ती वेगवेगळ्या जागी जाऊन लपतात. आई दिवसातून एकदाच येते, सूर्य मावळल्यावर, काही मिनिटं दूध पाजते की गेली. बाकी सगळा वेळ पिल्लाने हलायचं नाही, वासही फारसा येत नाही म्हणून कोल्ह्यापासून वाचतं. पण गवत कापायचं मशीन आलं तरी ते हलत नाही ना!

पूर्वी इथे गवत वाळवून ठेवायचे, त्यामुळे कापणी उशिरा आणि बहुतेक एकदाच. आता सायलेजसाठी, म्हणजे हिरवा चारा आंबवून साठवायला, मे महिन्यापासूनच हिरवं गवत कापतात, तेही पुन्हा पुन्हा, आणि नेमका तोच पिल्लांचा सीझन. दुसरं म्हणजे मैलोन्‌मैल एकच पीक. थंडीत कोवळा गहू सशाला चालतो, पण उन्हाळ्यात तो उंच होऊन पिवळा पडला की खायला हिरवं काही उरतच नाही, पूर्वी शेजारी कुरण असायचं, जव असायचे, काहीतरी मिळायचं. गेल्या शंभर वर्षांत ब्रिटनमधले रानससे ८० टक्क्यांहून जास्त घटले असा अंदाज आहे. १९९५ मध्ये सरकारी योजनेत २०१० पर्यंत संख्या दुप्पट करायचं ठरलं होतं, ते काही झालं नाही.

त्यात शिकार. कुत्रे सशामागे सोडून त्यावर पैजा लावणं २००४ च्या कायद्याने बंद झालं, २०२२ मध्ये शिक्षाही वाढवली, तरी टोळ्या रात्री गाड्या घेऊन उभ्या पिकात घुसतात, शेतकऱ्यांनी वाटेवर काँक्रीटचे ठोकळे टाकलेत, चर खणलेत. काही जण तर ह्या टोळ्या येऊ नयेत म्हणून स्वतःच्या शेतातले ससेच मारून टाकतात, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. आणि बंदुकीने मारायला इंग्लंडमध्ये विणीच्या काळातही बंदी नाही. स्कॉटलंडमध्ये १ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर आहे, मग इथे का नको?

पण जे शेतकरी मनावर घेतात त्यांचं काम बघून मन भरून येतं. शेताच्या कडेने ४ ते १२ मीटरची गवताची पट्टी सोडायची, त्याचे सरकारकडून पैसेही मिळाले आहेत. मोठ्या शेतात मधेच गवताचा उंचवटा ठेवायचा. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट, गवत कापायचं मशीन शेताच्या मध्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला चालवायचं. कडेने गोल गोल कापत आत गेलं की सगळी जनावरं मधल्या तुकड्यात अडकतात, उलटं केलं तर मोठी तरी कडेला पळून जातात. लहान पिल्लांसाठी आधी चालत फेरी मारावी लागते, जर्मनीत तर उष्णता दाखवणारे ड्रोन उडवून हरणाची पाडसं आणि सशाची पिल्लं शोधतात.

हे सगळं मी शहापूरला भात करणाऱ्या माझ्या दादाला फोनवर सांगितलं, कारण तिकडेही आता विळ्याऐवजी भाड्याचा हार्वेस्टर येतो. आपल्याकडे तर बांध आयतेच आहेत, त्यांच्यावरचं गवत जाळू नका, वरकस, म्हणजे हलक्या माळजमिनीचा एखादा तुकडा तसाच राहू द्या. वणवा लागला की पारसिक आणि खारघरच्या डोंगरावर काय होतं ते नवी मुंबईकरांनी बघितलंय, त्यात न हलणाऱ्या पिल्लाचं काय होत असेल? फासे लावणाऱ्यांनाही सांगा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानससा मारणं गुन्हा आहे.

आणि फार्महाऊसवर किंवा ट्रेकला एकटं पिल्लू दिसलं तर प्लीज उचलून घरी आणू नका, ते अनाथ नसतं, आई संध्याकाळी येणार असते. कुत्रा बांधून ठेवा, मुलांना लांब न्या, फोटोसाठीसुद्धा हात लावू नका. जखमी असेल तरच वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करा, नंबर १९२६.