तुम्ही विचारलंत म्हणून : ‘सिनेमातल्यासारखंच आहे का तुमच्याकडे?’

सांगलीला आले की पहिल्या चहालाच कुणीतरी विचारतं, "काय गं, त्या ‘विंटर्स बोन’मध्ये दाखवलंय, तसंच आहे का तुमच्या तिकडे?" मावशीने विचारून झालं, शाळेतल्या मैत्रिणींनी विचारून झालं, परवा भाच्याने फोनवर विचारलं. दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही, म्हणून मी विषय बदलत आले. आज सांगते.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, स्प्रिंगफील्ड शहराच्या दक्षिणेला ओझार्कच्या डोंगरातलं एक छोटं गाव. तिथल्या औषधाच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. दिग्दर्शिका डेब्रा ग्रॅनिकने तो सिनेमा याच भागात, इथल्या खऱ्या घरांत चित्रित केला. 2010 साली तो आला. कितीतरी छोट्या भूमिका इथल्याच माणसांनी केल्या. तुमच्या लक्षात राहतात त्या अंगणातल्या मोडक्या गाड्या आणि खार सोलणारी पोरं. अहो, खारीची शिकार करून खाणं ही इथे लाजेची गोष्ट नाही. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या नेतात, जाताना माझ्या आईची चौकशी करतात. त्यांच्याबद्दल कुणी नाक मुरडून बोललं की मला राग येतो, आणि तो येणारच.

पण सिनेमात दाखवलंय ते मेथ, म्हणजे मेथॅम्फेटामिन नावाचं अमली द्रव्य, इथे होतं का? होतं. बरीच वर्षं अख्ख्या देशात सगळ्यात जास्त मेथच्या भट्ट्या मिझुरीत सापडायच्या. रानात, शेडमध्ये, पुढेपुढे तर गाडीत, प्लास्टिकच्या बाटलीतसुद्धा.

तरी सिनेमा भट्टीबद्दल नाहीच. सिनेमातली नायिका री, वय सतरा. तिच्या मेथ बनवणाऱ्या बापाने जामिनासाठी घर आणि रान तारण ठेवलंय. तो कोर्टात आला नाही तर धाकट्या भावंडांसकट ती रस्त्यावर. ती ज्यांच्या दारात जाते ते बहुतेक रक्ताचेच, आणि सगळे गप्प. एक शेजारी तिला जळालेलं घर दाखवून सांगतो, तुझा बाप यातच गेला. आत उंच वाढलेलं गवत बघून तिला खोटं कळतं. ज्या बायका तिला मार मार मारतात, त्याच शेवटी रात्री नावेत घालून तिला बापाच्या प्रेतापर्यंत नेतात. हे अगदी खरं आहे. याच्याबद्दल मला कुणीच विचारत नाही.

सिनेमा येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आमची एक नेहमीची गिऱ्हाईक होती, साठीच्या पुढची. उन्हाळ्यात तिच्या परसातले टोमॅटो मला आणून द्यायची. एका संध्याकाळी नातीला घेऊन आली आणि सर्दीच्या गोळ्या मागितल्या. त्यात स्यूडोएफेड्रिन असतं, मेथचा कच्चा माल. 2006 पासून त्या गोळ्या काउंटरच्या मागेच ठेवायच्या, ओळखपत्र बघून नोंद करायची, एका माणसाला दिवसाला 3.6 ग्रॅम, तीस दिवसांत 9 ग्रॅम, त्याहून जास्त नाही, असा देशभर कायदा आहे. मी तिचं लायसन्स घातलं आणि कॉम्प्युटरने विक्री अडवली. तिची मर्यादा संपली होती. आमच्याकडून तर तिने एकही पाकीट नेलं नव्हतं.

मी म्हटलं, देता येणार नाही. ती म्हणाली, सायनस फार त्रास देतोय. मी दुसरं औषध पुढे केलं. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. नात म्हणाली, "आजी, तो गाडीत थांबलाय." मग ती हळू आवाजात मला म्हणाली, "तू नाही दिलंस तरी तो कुठूनतरी आणेलच. पण मी रिकाम्या हाताने बाहेर गेले, तर घरी आज माझं काय होईल, ते तुला माहीत नाही."

मी दिलं नाही. पोलिसांना फोन करू का, असं विचारलं, तर ती जोरात "नको" म्हणाली. तो तिचा मुलगा होता. नातीचा हात धरून ती निघून गेली, आणि परत आमच्या दुकानात आली नाही.

तेव्हा मी स्वतःला बजावलं होतं की कायदा आहे तो याच पोरीसाठी आहे, तिच्या घरात भट्टी पेटू नये म्हणून. आजही मला ते बरोबरच वाटतं. कुणी मला निर्दय म्हटलं तर मी भांडेन. पण तेव्हाची मी असं धरून चालले होते की नियम पाळला की माझं काम संपलं. तेव्हाच्या त्या मला आता मी विचारते, मग त्या बाईने त्या रात्री जायचं कुठे? पोलिसांत गेली तर मुलगा तुरुंगात. गावात बोलली तर नातेवाईक तुटले, आणि सरपण, गाडी, डॉक्टरकडे नेणं, सगळं त्यांच्याच भरवशावर. सिनेमातल्या बायका गप्प का, हे मला तिच्यामुळे कळलं. पटलं, असं मात्र म्हणणार नाही.

आता भट्ट्या जवळपास बंद झाल्यात. माल मेक्सिकोतून तयार येतो, त्यात कधी कधी फेंटॅनिल, म्हणजे अफूच्या जातीचं फार जालीम वेदनाशामक, मिसळलेलं असतं, पूर्वीपेक्षा स्वस्त पडतो आणि जास्त माणसं मारतो. आमच्या काउंटरवरची नोंद चालूच आहे. कुणी म्हातारी सर्दीच्या गोळ्या मागायला आली की लायसन्स मागता मागता मी आधी तिच्या मागे कोण उभं आहे ते बघते.