निळ्या ठिपक्याची बाजू

मोबाइलने रस्ता चुकवला, अशी तक्रार गोव्यात उठता-बसता ऐकू येते. नकाशावरचा निळा ठिपका बिचारा बहुधा आपल्या जागी बरोबर असतो. घोळ असतो तो त्याच्याखालच्या नकाशात.

सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे उपग्रह 'मी कुठे आहे आणि किती वाजले' एवढंच सांगत असतात. फोन निदान चार उपग्रहांचं ऐकतो आणि आपली जागा स्वतःच काढतो. वेळ मोजण्यात एका मायक्रोसेकंदाची गफलत झाली तर अंतरात 300 मीटरचा फरक पडतो. या सगळ्याला इंटरनेट लागत नाही. म्हणूनच चोरला घाटात रेंज गेली तरी ठिपका चालतच राहतो, कोरा पडतो तो नकाशा. तेव्हा घाटाआधीचं साखळी गाव सोडण्यापूर्वीच त्या भागाचा नकाशा उतरवून घ्यावा. घाटात ठिपका मध्येच रस्ता सोडून दरीत उतरला तर घाबरू नये: कड्याने अर्धं आभाळ झाकलेलं असतं आणि दगडावर आपटून आलेला संदेश जरा उशिरा पोचतो.

रायबंदरहून चोडणला जाताना नकाशा मांडवीवरून सरळ रेघ ओढून मोकळा होतो. फेरीबोटीच्या धक्क्यावरची गाड्यांची रांग त्याला कुठून दिसणार! घाई असेल तर सेटिंगमध्ये 'फेरी टाळा' निवडावं. वळसा पडतो, पण पुलावरून जाता येतं.

खरी कसोटी ट्रॉलरवर. पाण्याखालच्या खडपात जाळं अडकून फाटतं, म्हणून तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, अशा जागा यंत्रात साठवून ठेवतो. त्या दुसऱ्या बोटीला सांगताना गोंधळ होतो. 15 अंश 30.50 मिनिटं अक्षांश म्हणजे 15 अंश 30 मिनिटं 30 सेकंद. ऐकणाऱ्याने ते 50 सेकंद म्हणून भरलं, की खूण 600 मीटरहून जास्त उत्तरेला सरकते आणि जाळं नेमकं खडपावर जातं. आकडा देताना 'दशांश' हा शब्द तोंडाने उच्चारावाच.

बोटीवरच्या बऱ्याच यंत्रांवर माणूस पाण्यात पडल्यास दाबायचं वेगळं बटण असतं. आरडाओरड करतानाच ते दाबावं, कारण बोट तोवर पुढे गेलेली असते. मात्र खूण जागची हलत नाही आणि माणूस प्रवाहाबरोबर वाहत जातो. त्यामुळे खुणेपाशी परतल्यावर पाण्याची ओढ पाहून त्या दिशेने शोध घ्यावा लागतो.